व्याह्यांच्या हद्दीतला तियानमा

तान योंगखुन यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. समोर येईल त्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही. या कामाचा त्यांना पगार मिळत असे.

चीनमधल्या यीलियांगच्या डोंगरातल्या औषधी खरेदी केंद्रावर ते तियानमा नावाचा औषधी कंद पारखायला बसत. शेतकरी पाठीवरची टोपली उतरवून सुकवलेले कंद पुढ्यात ओतत आणि तान एकेक उचलून बघत. एका टोकाला पोपटाच्या चोचीसारखा कोंब पाहिजे, दुसऱ्या टोकाला बेंबीसारखा खळगा पाहिजे, अंगावर बारीक ठिपक्यांची वळी पाहिजेत. एवढं असलं तरी कंद उजेडासमोर धरायचा, एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा, शेवटी कडेचा तुकडा चावायचा. लोकही काही कमी नव्हते. सोललेले बटाटे वाफवून, वाळवून, वर मेणाची चोच चिकटवून आणत. कर्दळीचे कंद आणत. एका गृहस्थाने तर बेंबी कोरायला सुतार लावला होता. तान यांनी त्या बेंबीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "सुताराला माझा नमस्कार सांगा. काम उत्तम आहे. बटाटाच तेवढा हलका निघाला."

माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. घरी बसल्यावर तान कोंबडीची अंडी उजेडासमोर धरू लागले. बायको फांगशू हिला चक्कर येण्याचा जुना त्रास होता, त्याचीही त्यांनी चौकशी लावली.

"घर फिरतंय म्हणतेस. कोणत्या बाजूनं फिरतंय?"

"तू बसलायस त्या बाजूनं," फांगशू डोळे मिटूनच म्हणाली. "म्हाताऱ्या, तू उठून बाहेर गेलास तर कदाचित थांबेल."

त्या डोंगरात चक्कर, डोकेदुखी, हातापायाला मुंग्या, तान्ह्या मुलाचे झटके, या सगळ्यांवर एकच उत्तर. कोंबडीच्या रश्श्यात तियानमाचे काप घालून मंद आचेवर शिजवायचे. शिजताना घरभर घोड्याच्या तबेल्याचा वास सुटतो. वास सुटला नाही तर माल खोटा. फांगशूला या रश्श्याने खरोखर बरं वाटे. पण बाजारचा तियानमा घरात आणायला तान तयार नव्हते. बाजारात काय येतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी जंगलात वरच्या अंगाला जागा घेतली आणि स्वतः लागवड केली.

आता हा कंद मुळातच संशयास्पद. याला पान नाही, मूळ नाही. स्वतः काही कमवत नाही. ओकच्या ओल्या ओंडक्यांवर एक बुरशी वाढते, तिचे काळे दोरे मातीत पसरतात, आणि हा त्या दोऱ्यांना चिकटून त्यांचंच खाऊन जाडजूड होतो. रानात आज जिथं सापडला तिथं पुढच्या वर्षी सापडत नाही. म्हणून गावातले लोक म्हणतात, तियानमा चालतो. नाव घेतलं की ऐकतो आणि निघून जातो. खणताना त्याला 'तो' म्हणायचं, दिसला की आधी डोक्यावरची टोपी त्याच्यावर टाकायची, मग हात घालायचा. तान हे ऐकून हसत. कंद चालतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. कंद चालवत नेले जातात, यावर होता.

आणि चालवत नेणारा कोण, तेही त्यांना ठाऊक होतं. शेजारचा वाफा व्याही लेइ तिंगफू यांचा होता.

तान यांची एकुलती एक मुलगी रुईपिंग लेइंच्या घरी दिली होती. दोन्ही घरांत अर्ध्या तासाची चढण. रुईपिंग वर्षभर सासरच्या कामात असे. पण नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, लेकींनी माहेरी यायच्या दिवशी, नवऱ्याला घेऊन न चुकता येई. त्या एका दिवसासाठी फांगशू महिनाभर डुकराचं मांस धुरावर टांगून ठेवी, आणि तान आपल्याला काही विशेष वाटत नाही असं दाखवत सकाळपासून सातदा रस्त्यावर जाऊन येत.

जंगलातले दोन वाफे एकाच उतारावर होते. वर तान, खाली लेइ, मध्ये दगडांची एक ओळ. लेइ लांबट तांबडा तियानमा लावत, तो लवकर पोसतो. तान यांनी हट्टाने काळा लावला होता. तो आखूड, ठेंगणा, पण दगडासारखा भरीव. पहिल्या हिवाळ्यात टोपलीभर निघाला. दुसऱ्या हिवाळ्यात अर्धी टोपली. तिसऱ्या हिवाळ्यात फांगशूच्या एका रश्श्यापुरता.

दुसऱ्या हिवाळ्यापासूनच तान यांनी पहारा सुरू केला होता. वाफ्याच्या वाटेवर राख पसरून ठेवली. राखेत रानडुक्कर, तितर आणि स्वतः तान यांचे ठसे उमटले. बांबूच्या काडीला धागा बांधून ठेवला. धागा वाऱ्याने तुटला की लेइंनी तोडला हे ठरवता आलं नाही. जावई म्हणाला, "बाबा, झाडाला छोटा कॅमेरा लावू. माझ्या फोनवर दिसेल." तान यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कॅमेरा जंगलात आणि फोन लेइंच्या घरात. "नको," ते म्हणाले, "झाडाला त्रास होतो."

मुख्य उपाय त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला. दर दहा-बारा दिवसांनी सकाळी वर जायचं, वरची पानं बाजूला करायची, दोन ओंडके हलक्या हाताने उचलायचे, कंद मोजायचे, ओंडके परत ठेवून पानं पसरायची. चोरी झाली तर निदान तारीख तरी कळेल. तारीख कळत नव्हती, पण दर वेळी कंद आधीपेक्षा कमी आणि बारीक दिसत होते. तान यांचा संशय मात्र चांगला पोसत होता.

हिवाळा लागला. लेइंनी आपल्या वाफ्याची वरची कड, दगडांच्या ओळीलगतची, आधीच थोडी खणली असं तान यांच्या कानावर आलं. त्याच दुपारी व्याह्यांची चाळण परत करायचं निमित्त काढून ते खाली उतरले.

लेइ दारातच वाफवलेले कंद बांबूच्या सुपात पसरत होते. अंगणात तबेल्याचा वास भरून राहिला होता. म्हणजे माल खरा.

"या व्याही, या. चाळण कशाला आणली एवढ्या धुक्यात? तुमची पोरगी आली असती घ्यायला."

"पाय मोकळे करायला आलो."

"पाय मोकळे करायला तुम्ही वर जाता असं ऐकलं होतं," लेइ म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

तान यांना हे बोलणं आवडलं नाही. त्यांनी सुपाकडे पाहिलं. लांबट तांबड्या कंदांच्या गर्दीत आखूड, ठेंगणे काळे कंद बसले होते. चेहरेपट्टी घरचीच. चौतीस वर्षं कंदांचे चेहरे बघितलेल्या माणसाला आपल्या घरचा कंद ओळखता येणार नाही? त्यांनी एक उचलला, उलटा केला, पुरावा म्हणून खिशात टाकला. मग उरलेले काळे मोजले. सात. या साऱ्या प्रकरणात कुणी हाताने उचलून नेलेला असा हा एकच कंद होता, पण तान यांच्या ते लक्षात आलं नाही. कारण ते चौकशीच्या कामावर होते.

चहा पिऊन घरी आल्यावर त्यांनी फांगशूला सांगितलं. फांगशू बटाटे चुलीच्या राखेत भाजत होती. तिने एक बटाटा उलटा केला.

"मग काय करणार?"

"सातव्या काकांना बोलावतो. चार लोकांसमोर वाफा उघडायचा."

"रुईपिंग काल येऊन गेली," फांगशू म्हणाली. "तुझी राख, तुझे धागे, सगळं तिकडं ठाऊक आहे. ती काय म्हणाली सांगू? 'आई, बाबांनी लोकांसमोर माझ्या सासऱ्यांना चोर म्हटलं, तर मी नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं येऊ? मी येणार नाही. आणि या वर्षी आले नाही, तर पुढच्या वर्षी येणं आणखी अवघड.'"

"मी चोर म्हणणार नाही. वाफाच बोलेल."

"तुझा वाफा तुझ्यासारखंच बोलेल," फांगशू म्हणाली आणि भाजलेला बटाटा त्यांच्या हातावर ठेवला. तो चांगलाच तापलेला होता.

सातवे काका गावात सगळ्यांचेच काका होते. वय शहाऐंशी, दात चार, कान जेव्हा हवे तेव्हा चांगले. वाफ्यांचे तंटे त्यांच्याकडे जात. त्यांची पद्धत वाडवडिलांपासून चालत आलेली होती. दोन्ही धन्यांनी आपापल्या टोकाकडून वाफा उघडायचा, कुदळ नाही, नुसत्या हातांनी. उघडून होईपर्यंत कुणी अक्षर बोलायचं नाही, कारण बोललं की तो चालू लागतो. यात एक व्यवहारी सोय होती: तासभर गप्प राहून गुडघ्यावर बसल्यावर अर्धे तंटे थंडीनेच मिटत.

ठरलेल्या दिवशी सकाळी जंगल धुक्यात होतं. काका ओंडक्यावर बसले, गावातले चौघेजण कडेला उभे राहिले. लेइ आले, त्यांच्यामागून टोपली घेऊन रुईपिंग आली. ती वडिलांशी बोलली नाही, पण काकांचा नियमच तसा होता, त्यामुळे राग की रीत हे तान यांना ओळखता येईना. त्यांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा ती ओकच्या झाडाकडे बघत होती.

तान आपल्या वाफ्यावर वाकले. पानं सारली, पहिला ओंडका उचलला. ओंडका कोरडा, हलका. साल सुटून आलेली, आणि तिच्यावर ते काळे दोरे, ज्यांच्यावर सगळा संसार चालतो, तुकडे तुकडे होऊन सुकलेले. दुसरा ओंडका, तेच. तिसरा, तेच. मध्ये बोटभर कंद, काही नुसतीच पोकळ सालं. वाफ्यात उपासमार झाली होती. चोराने खणून नेलं असतं तर खड्डे असते. इथं खड्डे नव्हते. भुकेने वाळलेली माणसं घरातच पडून राहावीत तसे ते कंद जागच्या जागी होते.

तान यांचे हात सावकाश झाले. चौतीस वर्षं त्यांनी वाळलेलेच कंद पाहिले होते. जिवंत कंद मातीत कसा राहतो, हे ते पहिल्यांदाच निवांत बघत होते. याआधी पाहिलं ते मोजण्यापुरतं.

ते सरकत सरकत दगडांच्या ओळीशी आले. समोरून लेइ सरकत आले. दोघांनी मिळून मधला दगड उचलला आणि खाली वरातच दिसली. एक पोकळ साल, तिच्यापुढे एक कंद, त्याच्या कडेला दुसरा, मग तिसरा, असे काळे ठेंगणे कंद ओळीने लेइंच्या वाफ्यात शिरलेले. लेइंच्या बाजूला नवे ओले ओंडके होते, त्यांच्यावर बुरशीचे दोरे बुटाच्या नाड्यांसारखे जाड, टवटवीत.

तान यांनी एक कंद न उपटता बोटांनी चाचपला. बेंबी म्हणजे आईपासून तुटल्याची खूण. चोच म्हणजे पुढे जायची दिशा. आयुष्यभर हे दोन्ही खोटं आहे की खरं एवढंच त्यांनी पाहिलं होतं. कोणत्या दिशेला आहे हे विचारायची वेळ आली नव्हती. त्यांनी पहिला पाहिला, दुसरा पाहिला, पाचवा पाहिला. सगळ्यांच्या बेंब्या तान यांच्या वाफ्याकडे. सगळ्यांच्या चोची व्याह्यांकडे.

"झालं उघडून?" सातवे काका म्हणाले. "मग आता बोला."

आधी लेइच बोलले. ते गुडघ्यावरून उठले, हात झटकले आणि काकांकडे वळले.

"काका, मी दोन वर्षं गप्प आहे. व्याही पडले, बोलायचं कसं. पण हा माणूस गेल्या हिवाळ्यापासून या हिवाळ्यापर्यंत एकतीस वेळा वर आलाय. मी मोजलंय. येतो, इकडंतिकडं बघतो, स्वतःच्याच वाफ्यात हात घालतो, परत झाकतो. स्वतःच्या वाफ्यात चोरासारखं कोण वागतं? मग माझ्या कडेला हे काळे निघाले. मी काळे लावत नाही. म्हटलं, हा आपले कंद माझ्या हद्दीत पुरतोय. उद्या चार लोक जमवून म्हणेल, बघा, लेइ चोर."

"मी पुरले?" तान म्हणाले.

"चार लोक जमवलेच ना?"

काकांनी तान यांच्याकडे मान वळवली. "योंगखुन, हा कंद तुझ्याइतका कुणी पारखत नाही. तू सांग. हे इथं कसे आले? आणले, पुरले, की चालत आले?"

तान यांच्यापुढे तीन वाटा होत्या. "आणले" म्हटलं असतं तर चौतीस वर्षांच्या नावावर लोकांनी विश्वास ठेवला असता. "चालत आले" म्हटलं असतं तर काकांनी मान डोलावली असती, कुणाचंच काही गेलं नसतं, आणि आपण हसत होतो ती समजूत आपल्याच तोंडून खरी ठरली असती. तिसरी वाट फारच अरुंद होती. त्यांनी रुईपिंगकडे पाहिलं. ती आता झाडाकडे बघत नव्हती.

"मी ओंडके उचलून बघत होतो," तान म्हणाले. "दर दहा-बारा दिवसांनी. उचलला की खालचे दोरे तुटतात. दोरे तुटले की त्याला खायला मिळत नाही, आणि जुने ओंडकेही मी कधी बदलले नाहीत. जे हद्दीला होते त्यांना व्याह्यांच्या ओंडक्यांचं खायला मिळालं. नवीन पिल्लू दर वर्षी खाण्याकडे फुटतं. तसे ते वीतवीतभर तिकडं गेले. बेंब्या इकडं आहेत, चोची तिकडं. कुणी पुरले असते तर चोची दाही दिशांना असत्या."

लेइंनी वाकून दोन-तीन कंद स्वतः चाचपून पाहिले.

"उचलून बघत कशाला होतात?" लेइंनी विचारलं.

"मोजायला."

"काय मोजायला?"

"तुम्ही किती नेले ते."

रुईपिंगने टोपली खाली ठेवली. लेइंनी खिशातून चिलीम काढली, पण भरली नाही.

"आणि किती नेले मी?"

"एकही नाही. सात तुमच्याकडे आपले आपण आले."

"आठ," लेइ म्हणाले. "सुपात आठ होते. तुम्ही चाळण द्यायला आलात तेव्हापासून सात आहेत."

तान यांनी कोटाच्या खिशात हात घातला. कंद खिशातल्या तंबाखूत लोळून आणखी काळा झाला होता. त्यांनी तो लेइंच्या तळहातावर ठेवला. लेइंनी तो उलटून पाहिला, उजेडासमोर धरला, आणि मग कडेला हळूच चावून पाहिला.

"खरा आहे," ते म्हणाले.

सातवे काका ओंडक्यावर खोकले की हसले हे सांगता येत नाही. "म्हणजे कुंपणच शेत खात होतं," ते म्हणाले.

एवढ्यावर मिटायला हवं होतं, पण लेइंच्या कपाळावरची आठी गेली नाही. ते काकांजवळ जाऊन बसले आणि तान यांना ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "काका, या माणसानं उभ्या हयातीत कुणाचं खरं मानलं नाही. आणि आज लोकांसमोर स्वतःचं वाईट स्वतःच सांगतोय. यात काहीतरी आहे."

"असेल," काका म्हणाले. "म्हणून एक करू. पुढच्या हिवाळ्यापर्यंत योंगखुननं स्वतःच्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही. नवे ओंडके लेइ घालतील, लेइच राखतील. आणि लेइंच्या वाफ्यावर योंगखुन नजर ठेवेल. लांबून. तुम्हा दोघांनाही एकमेकांचा भरवसा नाही, तेव्हा दोन्ही वाफे सुरक्षित राहतील."

हद्दीवरचे कंद टोपलीत भरले गेले. लेइंनी अर्धे रुईपिंगच्या हाती माहेरी पाठवायचं कबूल केलं. आधी लेइंनी मोजले, मग तान यांनी मोजले, मग दोघांनी मिळून.

रुईपिंग जाताना वडिलांजवळून गेली. काहीतरी बोलेल म्हणून तान थांबले. ती म्हणाली, "गुडघ्याला माती लागलीय." आणि खाली उतरली. एवढ्यावरून ती येणार की नाही, हे चौतीस वर्षांच्या पारखीलाही ठरवता आलं नाही. पुढचे कित्येक आठवडे त्यांनी ते वाक्य उजेडासमोर धरलं, आपटून पाहिलं, चावून पाहिलं. फांगशू म्हणाली, "म्हाताऱ्या, माती लागली होती म्हणून म्हणाली असेल." हेही त्यांना पटलं नाही.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तान सकाळपासून अकरा वेळा रस्त्यावर गेले. बाराव्या खेपेला वळणावर जावई दिसला, आणि त्याच्यामागे, फडक्यात बांधलेलं मातीचं भांडं धरून, रुईपिंग.

भांडं उघडलं तसा घरभर तबेल्याचा वास पसरला. फांगशू दोन वाट्या रस्सा प्यायली आणि घर आता जागेवर आहे असं तिने जाहीर केलं. जावयाने मांसाचे काप संपवले. मक्याची दारू दोनदा फिरली. तान कंदाचा तुकडा तोंडात घोळवून घोळवून खात होते. आपला होता.

जेवणं झाल्यावर रुईपिंग अंगणात त्यांच्या समोर येऊन बसली.

"सासऱ्यांनी विचारलंय, बाबा वर गेले होते का?"

"नाही."

"ते म्हणाले, नाही म्हणतील."

"मग विचारलं कशाला?"

ती पुढे वाकली. "पाय वर करा."

तान यांनी पाय वर केला. तिने बुटाचा तळ बघितला, खाचेतली माती नखाने टोकरली, बोटांवर चुरली आणि वास घेतला. रस्त्याची साधी पिवळी माती होती. जंगलाची असती तर काळी असती, कुजलेल्या पानांचा वास आला असता. अशी तपासणी घरात आणखी कुणाला येते, याची तान यांना आजवर कल्पना नव्हती. त्यांना आतून फार बरं वाटलं, पण चेहऱ्यावर त्यांनी काही येऊ दिलं नाही.

"आता दुसरा," रुईपिंग म्हणाली.

तान यांनी दुसरा पाय वर केला.